लुसेरोला ‘नाही’ शिकवताना

...नाही, पण मला एक सांगा, कोंबडी आणि डोळा यांत काही फरक आहे की नाही? आहे ना? तुम्हाला कळतो ना? मला कळतो, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा कळतो... एका आमच्या इंजिनिअर वॉशिंग्टन प्रोआन्योसाहेबांना कळत नाही! त्यांचं म्हणणं काय, तर “गालो, राजा, मशीन तयार आहे. बोलतंय, ऐकतंय, उत्तरं देतंय. आता नुसता विषय तर बदलायचा!” नुसता विषय! अहो, विषय म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे का, हा काढला आणि तो घातला? पण सांगणार कोण? साहेब ते. बोलून मोकळे होतात, निस्तरतो मी.

माझा धंदा तुम्हाला सांगतो. हसू नका. फोनवर माणसांशी बोलणारं मशीन बनवायचं, हा माझा धंदा. तुम्ही फोन उचलता, पलीकडून गोड आवाज येतो, “नमस्कार, मी लुसेरो बोलते,” तुम्ही विरघळता... ती लुसेरो म्हणजे मी! आवाज साहेबांच्या भाचीचा, कबूल. पण तिनं बोलायचं काय, कुठं थांबायचं, समोरचा काय म्हणाला की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे सगळं मी, गालो काइसा, इथं डोंगरातल्या लाताकुंगा गावात एका टायरच्या दुकानाच्या माडीवर बसून लिहितो. खाली टायर फुटताहेत, आणि वर हा टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस लिहितोय, “अय्या, माफ करा हं, मला नीट ऐकू नाही आलं.” काय पाप केलं होतं मागल्या जन्मी कोण जाणे.

तर ही लुसेरो आम्ही पहिल्यांदा बनवली एका भाजलेल्या कोंबडीच्या दुकानासाठी. झकास चालली! का चालली? कारण भुकेला माणूस मुद्द्याचं बोलतो. अख्खा नग की अर्धा? अर्धा. भात की बटाटे? बटाटे. पत्ता? हा घ्या. संपलं! तिथं कोणी कविता करत नाही. महिनाभरात कोंबडीवाला खूश, साहेब खूश, मीही जरा सरळ झोपायला लागलो... आणि एका सकाळी साहेब आले, तोंड हे एवढं फुललेलं, आणि म्हणाले, “गालो, डोळ्यांचा दवाखाना मिळाला! ननबायांचा! मदर पिएदादशी बोलणं झालंय. तुला काही करायचं नाही, नुसता विषय तर बदलायचा!”

आता दवाखान्याचं प्रकरण काय, ते नीट ऐका, कारण माझा जीव त्यातच अडकलाय. वर्षातून एकदा, एक आठवडा, खाली किनाऱ्यावरच्या गुआयाकिलहून डॉक्टर आविलेस येतात आणि गरिबांच्या मोतीबिंदूंची फुकट ऑपरेशनं करतात. सोमवार ते शुक्रवार. खाटा मोजक्या, माणसं भारंभार. ज्यांना बोलावलंय त्यांना आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, बाबा, येणार की नाही? नाही म्हणाला तर वेटिंगवरच्या पुढच्या माणसाला बोलवायचं. एवढंच काम. येणार की नाही! शेंबडं पोरसुद्धा विचारील. मलाही वाटलं, च्यायला, कोंबडीपेक्षा सोपं आहे हे, इथं तर बटाटेसुद्धा नाहीत!

आणि त्या वेटिंगवर, पार खाली, होती आमची आई.

आईचं काय सांगू तुम्हाला... सोइला काइसा, उभा जन्म भट्टीपुढं गेला, आयूया, म्हणजे आमच्याकडची खुसखुशीत बिस्किटं, भाजण्यात. अख्ख्या लाताकुंगात विचारा, सोइलाबाईच्या आयूया म्हटलं की लोक आधी आवंढा गिळतात, मग बोलतात. आणि गेली दोन वर्षं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोटं भाजून घेते, आणि विचारलं तर म्हणते, “दिसतं रे मला, भट्टीच जरा पुढं सरकलीय.” परवा कॉफी ओतली, सगळी कपाच्या शेजारी, टेबलावर! आणि मला म्हणते, “घे गालितो, गरम आहे तोवर पी.” मी काय करणार? वाकून टेबल पुसलं आणि म्हटलं, वा, छान झालीय. खाजगीत ऑपरेशन करायचं तर आमच्या ऐपतीबाहेर, सरकारी रांगेत लावायचं तर म्हातारीला तोवर भट्टीच दिसेनाशी होईल. तेव्हा सगळी भिस्त या आठवड्यावर. जे येणार नाहीत ते सरळ ‘नाही’ म्हणाले, तरच आईचा नंबर वर सरकणार. म्हणजे बघा, आईचे डोळे आणि लुसेरोचं तोंड, दोन्ही माझ्याच गळ्यात!

कामाला लागलो. गेलो मदर पिएदादकडे. मदर म्हणजे आवाज असा की लोणी, पण आपलं म्हणणं सोडतील तर शपथ. मी लिहून नेलं होतं, “आपण उद्या येणार की नाही?” मदरनी वाचलं आणि डोळे मिटले. म्हणाल्या, “बाळा, हे तर पोलीस विचारतात तसं झालं. आजारी माणसाला असं विचारतात का? देवाचं नाव घे आधी. मग म्हण, आम्ही सगळे तुमची वाट बघतोय, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय, जमेल ना हो यायला?” मी म्हटलं, “मदर, एवढं लाडानं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?” तर म्हणाल्या, “हो ना बाळा, किती छान!” ... लिहिलं तसं.

रविवारी पहिले फोन सुरू झाले. पहिला फोन पुहिली गावच्या सेगुंदो चिलुइसाकाकांना. म्हातारे शेतकरी, उजवा डोळा. साहेब माझ्या मागं उभे, हाताची घडी, जसं काही यांचंच पोर शाळेच्या गॅदरिंगला उभं राहिलंय. लुसेरो म्हणाली, “देवाच्या कृपेनं शुभ सकाळ, मी लुसेरो, डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलते.” आणि काका सुरू झाले! “अगं शुभ सकाळ सिन्योरिता! कशी आहेस? रात्री झोप लागली ना बरी? घरचे कसे आहेत? आई बरी आहे? तिकडं थंडी फार पडलीय म्हणतात, शाल घेत जा हो!”

आता हे काय मला नवीन आहे? जन्मल्यापासून ऐकतोय! आमच्याकडं घराला आग लागली तरी माणूस बंबवाल्याला आधी विचारतो, पोरंबाळं बरी ना? पण कोंबडीच्या फोनवर कोणी विचारत नव्हतं हो, तिथं भूक होती! लुसेरो बिचारी शोधतेय, आई... झोप... शाल... यात ‘हो’ कुठाय, ‘नाही’ कुठाय? काही सापडेना. आणि काही सापडलं नाही की काय करायचं, ते कुठून येणार? जुन्या, कोंबडीच्या लिखाणातूनच येणार! कुठल्यातरी कोपऱ्यात माझ्या नजरेतून सुटलेलं होतं ते बाहेर आलं. गोड आवाजात म्हणाली, “माफ करा हं, मला नीट कळलं नाही. अख्खा हवाय की अर्धा?”

मग काका हळूच म्हणाले, “अर्धा...? तुम्हाला जसं सोयीचं असेल तसं करा सिन्योरिता. अर्धा डोळा तर अर्धा. आमची काही तक्रार नाही.”

ऐकताय ना? अर्धा डोळा! माणूस अर्ध्या डोळ्याला ‘हो’ म्हणाला, पण त्या पोरीला ‘असं कसं?’ म्हणाला नाही! मला तिथंच कळायला हवं होतं की पाणी कुठं मुरतंय. पण नाही कळलं. मी धावलो, कोंबडीचं शेवटचं हाडसुद्धा मशीनमधून वेचून काढलं, लुसेरोला शिकवलं की आई बरी आहे, झोप छान लागली, शाल घेते. तेवढ्यानं भागतंय? साकिसिलीच्या एका बाईंनी तिला विचारलं, लग्न झालंय का, माझा भाचा आहे, ट्रक आहे स्वतःचा. लुसेरो म्हणाली, “आम्ही तुमची वाटच बघतोय.” बाई इतक्या खूश! अजून तो भाचा दवाखान्याच्या दारात येऊन लुसेरोची चौकशी करतो म्हणे.

पण एकंदरीत काय म्हणाल, तर सगळे हो म्हणाले. सगळे! एक जण नाही म्हणाला नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, केक आणला, खालच्या टायरवाल्यालाही दिला. “शंभर टक्के, गालो! बघितलंस? नुसता विषय तर बदलायचा होता!” मी केक खात होतो आणि मनात हिशेब करत होतो, सगळे येणार म्हणजे आईचा नंबर लागत नाही. पण म्हटलं, चला, लोकांचे तरी डोळे होताहेत, आपण रडायचं नाही.

सोमवारी काय झालं? डॉक्टर आविलेस हातमोजे घालून उभे, मोतीबिंदू काढायला हात शिवशिवताहेत... आणि अर्ध्या खाटा रिकाम्या! अर्ध्या! चादरी कशा परीटघडीच्या. आता हे डॉक्टर किनाऱ्यावरचे. किनाऱ्यावर माणसाला नाही म्हणायचं असलं की तो ‘नाही’ म्हणतो, आणि पुढच्या कामाला लागतो. आमच्या डोंगरातली रीत त्यांना कुठून माहीत? ते गरजले, असे गरजले की कोतोपाक्सीचा ज्वालामुखीच जागा झाला की काय वाटलं, “अरे, तुम्ही माणसं आहात की कोण आहात? यायचं नाही तर नाही म्हणा ना! जीभ झडते का? तिकडं वेटिंगवर माणसं आंधळी होताहेत आणि मी इथं चादरींचं ऑपरेशन करू?” मदर पिएदाद म्हणाल्या, “हो डॉक्टर, अगदी खरं आहे तुमचं, देव तुमचं भलं करो.” डॉक्टर आणखी चिडले.

आणि साहेब कोणावर चिडले? सांगा बघू? “गालो, तू विषय नीट बदलला नाहीस!”

मी उठलो आणि सेगुंदोकाकांना स्वतः फोन लावला. शिष्टाचाराचं सगळं झालं, झोप, आई, थंडी, आणि मग म्हटलं, “काका, काल तुम्ही येतो म्हणालात, आला नाहीत?”

“कसा येणार बाळा? गाय व्यायची होती. आठवडाभर माहीत होतं, आज-उद्या व्यायलाच आलीय.”

“आठवडाभर माहीत होतं? मग काल हो कशाला म्हणालात?”

“अरे, ती पोरगी एवढ्या प्रेमानं विचारत होती. तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

“काका, ते मशीन आहे!”

मग म्हणाले, “असेना का. तिला तरी वाईट वाटलंच असतं ना.”

मी फोन ठेवला आणि डोकं धरून बसलो. कारण तुम्हाला खरं सांगू? मीही तस्साच आहे! मेव्हण्याच्या पोराच्या बारशाला येतो म्हणालो होतो, गेलोय का? शेजारच्या बाईंनी खिडकी दुरुस्त करशील का विचारलं, ‘का नाही, उद्याच’ म्हणालो, अजून ती खिडकी वाऱ्यावर आपटतेय. बाईही काही बोलत नाहीत, कारण त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, हा येणार नाही. पण कसं कळलं? तेच तर! माणसाला कळतं, मशीनला का कळू नये? यासाठीच तर माझा धंदा आहे ना?

बसलो. सारी दुपार सगळ्यांची रेकॉर्डिंग ऐकली. आलेल्यांची वेगळी, न आलेल्यांची वेगळी. ऐकून ऐकून कान तापले. आणि हळूहळू काय दिसायला लागलं, सांगतो. जो खरंच येणार असतो ना, तो पिडतो! सकाळी कॉफी प्यायची की नाही? घोंगडी आणू का? बायकोला आत सोडाल का? डुकराला खायला घालून निघालो तर उशीर होईल का? डोळा काढून परत बसवतात की आतच करतात? प्रश्न, प्रश्न, प्रश्न! आणि जो येणार नसतो, तो आशीर्वाद देतो. “हो सिन्योरिता, का नाही, देव तुझं भलं करो, तुझ्या हातांना यश देवो, तुझ्या आईला उदंड आयुष्य लाभो...” एक प्रश्न नाही! कशाला विचारील? जायचंच नाही तर घोंगडीची चौकशी कोण करतं?

मी उडालोच खुर्चीतून. लिहिलं मशीनमध्ये. सगळं बोलून झालं की लुसेरोनं शेवटी विचारायचं, “काही विचारायचंय का?” समोरच्यानं प्रश्न विचारले, तर हो म्हणजे हो. नुसते आशीर्वाद आले आणि प्रश्न एकही नाही, तर ते ‘हो’ म्हणजे ‘नाही’. त्याचा तितक्याच गोडीनं निरोप घ्यायचा, मनाला लावून घ्यायचं नाही, आणि वेटिंगवरच्या पुढच्याला फोन लावायचा.

आणि चाललं हो! मंगळवारी खाटा जवळजवळ भरल्या, बुधवारी भरल्या, आणि जे आशीर्वाद देऊन कटाप झाले त्यांतलं एक माणूस भांडायला आलं नाही, उलट त्यांचा जीव भांड्यात पडला असणार. डॉक्टर गप्प. मदरनी मशीनच्या नावानं मेणबत्ती लावली. आणि साहेब? साहेबांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत लुसेरो दफनभूमीच्या कचेरीला विकायची बोलणी सुरू केली! मी म्हटलं, “साहेब, तिथं फोन करून कोणाला विचारायचं, येणार की नाही?” तर म्हणाले, “ते तू बघ रे, नुसता विषय तर बदलायचा!” मी म्हटलं, हो साहेब, का नाही.

पण मला कशाचं काही वाटत नव्हतं. कारण आईचा नंबर वर सरकत होता! एकेक आशीर्वाद देणारा खाली पडत होता आणि सोइला काइसा वर चढत होती. माझ्या हातात होतं, नाव उचलून वर ठेवता आलं असतं, कोणाच्या बापाला कळलं नसतं. नाही केलं. म्हटलं, आपल्या आईचं काम आहे, स्वच्छ होऊ दे. देवालाही बरं वाटेल. मदरलाही सांगितलं नाही की ही माझी आई म्हणून. मी फक्त एक केलं. आईची तयारी करून घेतली. पक्की तयारी! रोज संध्याकाळी भट्टीशेजारी बसून उजळणी. “आई, आदल्या रात्रीनंतर काय खायचं?” “काही नाही.” “कॉफी?” “नाही.” “तोंडाला मलम?” “नाही रे बाबा.” “नेणार कोण?” “तू.” “आणणार कोण?” “तू. गालितो, मी काय पहिलीत आहे का?” मी म्हटलं, आई, फोन आला की गोंधळ नको, सगळं तोंडपाठ पाहिजे. आणि केलंन् पाठ. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतंन्.

गुरुवारी संध्याकाळी घरी गेलो, तर आई दारातच. चेहरा असा की पोरीच्या लग्नाचं ठरलंय. “आला रे फोन! तुझ्या त्या मुलीचा! काय गोड बोलते, कोणाची रे ती?” मी म्हटलं, “काय म्हणालीस तू?” “हो म्हटलं!” मी तिला उचललीच. अहो, नाचलो तिथंच पिठात! बास. हो म्हणाली. उद्या ऑपरेशन. उद्या आई कॉफी कपात ओतणार! मी आणखी काही विचारलं का? नाही विचारलं. हर्षवायू झालेला माणूस काय चौकशी करणार?

शुक्रवार, शेवटचा दिवस. आईनं नवी शाल घेतली, टोपी घातली, डॉक्टरांसाठी पहाटे भाजलेल्या आयूयांची पिशवी घेतली, दिसत नसताना भाजलेल्या, आणि एक करपली नव्हती. तिच्याबरोबर मीही उपाशी, म्हटलं तिला एकटीला कशाला. पोचलो. दारात मदर पिएदाद. नाव सांगितलं. मदर म्हणाल्या, “सोइला काइसा...? अगं बाई, तुम्ही तर येणार नव्हता ना? तुमच्या जागी दुसरे आलेत. आत टेबलावर आहेत.”

मी म्हटलं, कोण येणार नव्हतं?

तिथंच भिंतीला टेकलो, मोबाईलवर आईचं रेकॉर्डिंग लावलं. काय ऐकू आलं असेल? आईचा आवाज, मायेनं ओथंबलेला. “हो गं बाळा, येते ना! देव तुझं भलं करो. किती गं गोड बोलतेस. डॉक्टरांच्या हाताला यश येवो, मदरना उदंड आयुष्य लाभो...” आणि मग लुसेरो, मी लिहिलेलंच वाक्य, “काही विचारायचंय का?” आणि आई, “नाही गं पोरी! काही म्हणजे काही नाही! माझ्या मुलानं सगळं सांगितलंय मला.” आणि लुसेरो म्हणाली, “बरं. काळजी करू नका. देव तुमचं भलं करो.” ... कटाप!

लुसेरोची काय चूक, सांगा? काय चूक? इतके दिवस मी त्या मशीनवर ओरडतोय, सांगितलं तसं कर, सांगितलं तसं कर... आणि पहिल्यांदा तिनं शंभर टक्के, काडीचाही फरक न करता, सांगितलं तसं केलं! आई सगळ्या जगात एकटी अशी होती जिला प्रश्न उरला नव्हता, आणि तिला प्रश्न उरला नव्हता कारण मी एकही शिल्लक ठेवला नव्हता. रोज संध्याकाळी बसून, घोटून घोटून, एकेक प्रश्न मी स्वतः मारला होता!

मी मदरचे पाय धरले. म्हटलं, “मदर, ही माझी आई आहे. चूक माझी आहे. कुठंही बसवा हिला, शेवटी घ्या, पण घ्या!” मदरच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. म्हणाल्या, “हो रे बाळा, का नाही? बघते ना मी. बस जरा. देव तुझं भलं करो, किती कष्ट घेतलेस तू, तुझ्या हातांना यश येवो...” आणि मी मनात मोजायला लागलो हो! एक आशीर्वाद, दोन आशीर्वाद, तीन... डोळा कोणता, हेसुद्धा विचारलं नाही त्यांनी.

मी सरळ आत घुसलो. डॉक्टर आविलेस दोन ऑपरेशनांच्या मध्ये हात धूत होते. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “नाही.”

नुसतं ‘नाही’! पुढं-मागं काही नाही, आईला उदंड आयुष्य नाही, काही नाही. आठवड्याभरात त्या इमारतीत उच्चारलेला पहिला ‘नाही’ असेल तो. तुम्हाला खरं सांगतो, इतका राग आला होता, तरी मनात म्हटलं, वा, काय सुटसुटीत आहे, लुसेरोला क्षणात कळलं असतं. डॉक्टर म्हणाले, “टेबलं भरलीत, दुपारी विमान आहे माझं. आणि पुढच्या वर्षीचंही ऐकून ठेव. मी येणार नाही. सोमवारचा तमाशा पुरे झाला मला. दुसरा कोणी येतोय का बघा.” दुसरा कोण येणार? इतकी वर्षं हाच एक येत होता.

बाहेर आलो. आई बाकावर बसलेली, शाल नीट केलेली, पिशवी मांडीवर. मला म्हणावंसं वाटलं, आई, ओरड! भांड! दार फोड! तर ती शेजारी रडवेल्या झालेल्या मदरची समजूत घालतेय, “असू द्या हो मदर, मनाला लावून घेऊ नका, कोणाचे तरी डोळे झालेच ना?” मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. पायरी आली की सांगत होतो, आई, पायरी. आई, आणखी एक.

रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, “गालितो, डॉक्टर काय म्हणाले रे? पुढल्या वर्षी करतील ना माझं?”

आता मी काय सांगायचं? तुम्ही काय सांगितलं असतं? एक शब्द होता, नुकताच ऐकलेला, सुटसुटीत. जिभेच्या टोकावर आणला... आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. म्हटलं, “हो आई, का नाही? करणारच ते! देव त्यांचं भलं करो, फार देवमाणूस आहे. त्यांच्या हातांना यश येवो, मदरना उदंड आयुष्य लाभो...”

आई चालता चालता थांबली. माझा आवाज येत होता त्या बाजूला तोंड वळवलंन्. जराशी हसली, आणि पिशवीची गाठ सोडायला लागली.

“बरं,” म्हणाली, “मग आता उपाशी कशाला राहायचं? घे, खा.”